सतरा नंबरचं वैर

गुरुवारी सकाळी, चहाची सुट्टी व्हायच्या आधी, खंडूचा अंगठा एका जोडापाशी अडखळला. बहारीनच्या मीना सलमान बंदरातल्या त्या वर्कशॉपमध्ये एका मालवाहू जहाजाच्या बॉयलरचे पाइप लोखंडी घोड्यांवर ओळीने मांडले होते. बेचाळीस जोड, बेचाळीसही खंडूच्या हातचे. काम झालं की जोडावरून अंगठा फिरवायची त्याची जुनी सवय. डोळे पन्नाशीनंतर फसवू लागतात, अंगठा फसवत नाही. जोडाशेजारी प्रत्येक वेल्डरने आपला नंबर पोलादी पंचाने, म्हणजे ठशाने, ठोकायचा असतो. उद्या भर समुद्रात पाइप फुटला तर कोणाच्या हाताने फुटला ते कळावं म्हणून. खंडूचा नंबर सतरा. एक आणि सात, इंग्रजीत दोन्ही सरळ रेघांचे आकडे, अंगठ्याला काड्यांसारखे लागतात. आज अंगठ्याला लागलं ते वाटोळं होतं. त्याने पुन्हा फिरवला. वाटोळंच. मग चष्मा नाकावर घेऊन तो वाकला. एकतीस. पुढचा जोड, एकतीस. त्याच्या पुढचा, एकतीस. घाव वाकडे होते, एक खोल, एक उथळ. ज्याने आयुष्यात हातोडी धरली नाही त्याच्या हातचे. त्याचा स्वतःचा सतरा कुठेच नव्हता, कारण आपले पंच मागायला तो कालच स्टोअरमध्ये गेला होता आणि स्टोअरकीपर कमाल म्हणाला होता, साहेबाने ठेवून घेतलेत, उद्या देतो.

खंडू ताठ उभा राहिला. कानात भट्टीसारखा आवाज होत होता, पण भट्टी तर दुसऱ्या टोकाला होती. तो सरळ ऑफिसच्या दारापाशी गेला. तिथल्या फळीवर नवी टाइप केलेली यादी लावली होती. पंधरा वर्षांपूर्वी त्याने कोणाला तरी बोलावलं असतं, बाबा, जरा वाच काय लिहिलंय. आता त्याने एकेका अक्षरावर बोट ठेवलं. जोड एक ते बेचाळीस, वेल्डर नंबर एकतीस. खाली दुसरी यादी. तिच्यात त्याचं नाव होतं आणि नावापुढे सहा इंग्रजी अक्षरं. एच. ई. एल. पुढची तीन त्याने वाचायच्या आधीच ओळखली. हेल्पर. बावीस वर्षं या बंदरात, आणि शेवटी हेल्पर. पुढच्या महिन्यात व्हिसा नवा व्हायचा, आणि या यादीत जे लिहिलंय तेच कार्डावर चढायचं.

त्या क्षणी त्याला आठवला बेर्टोल्ड. खंडू दापोलीजवळच्या बौद्धवाडीतला माणूस, उभा बहारीनच्या उन्हात, आणि आठवला कोण, तर पाच-सहाशे वर्षांपूर्वी मेलेला एक जर्मन सरदार. पण आठवणीला कोण विचारणार. बेर्टोल्डची गोष्ट त्याला लोथार साहेबाने सांगितली होती. लोथार जोडांचे एक्स-रे काढणारा जर्मन तपासनीस. दर जहाजाला यायचा, चार वर्षं येत राहिला, आणि गेल्या साली म्हातारपणामुळे कायमचा घरी गेला. फिल्म वाळेपर्यंत दोन-दोन तास बसून राहावं लागे. कंटेनरच्या सावलीत एका डब्यावर लोथार, दुसऱ्यावर खंडू. लोथारची इंग्रजी मोडकी, खंडूची त्याहून मोडकी, त्यामुळे दोघांचं छान जमे. बेर्टोल्ड लोथारच्या घराण्यातला मूळ पुरुष. सरदार म्हणायचं, पण त्याचं राज्य ते केवढं? एका खडकावर एक बुरूज, खाली तीन खेडी, एक गिरणी. खडकाचं नाव कावळ्यांचा खडक. "किल्ला आहे का अजून?" खंडूने विचारलं होतं. लोथार म्हणाला होता, "कावळे आहेत. माझा बाप पाव भाजायचा."

या बेर्टोल्डने आयुष्यात सात वैरं केली. खंडूला सातही पाठ होती. पहिलं एकोणिसाव्या वर्षी, गिरणीच्या पाण्यावरून. शेजारच्या शहराने ओढा वळवला होता. दुसरं सख्ख्या चुलत भावाशी. बुरूज दोघांत वाटलेला, मधोमध खडूची रेघ, पण जिना एकच. दोन वर्षं ते दोघे एकाच जिन्याने चढले-उतरले आणि एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत. रस्ता देताना फक्त खाकरायचे. हे ऐकून खंडू इतका हसला होता की लोथारच्या फिल्मला धक्का लागला. गुदैबिया वस्तीतल्या त्याच्या खोलीतही सहा माणसं आणि एक मोरी, खाकरल्याशिवाय तिथेही भागत नव्हतं. तिसऱ्या वैरात बेर्टोल्डची दोन बोटं गेली. पण खंडूच्या मनात घर केलं ते त्या वैराच्या रीतीने. तिकडे कायदाच होता, लोथार म्हणाला, की वैर करायचं तर आधी लेखी कळवायचं. पत्र शत्रूच्या दारात दिवसाउजेडी पोचवायचं, आणि मग पुरे तीन दिवस थांबायचं. तीन दिवसांच्या आत काठी उचलली तर तो दरोडेखोर, सरदार नव्हे. पत्रात आपली तक्रार, आपलं नाव, आणि शेवटी एक ठरलेलं वाक्य: एवढं कळवून मी माझी अब्रू राखली आहे. आणि वैर सुरू झालं तरी चालत्या नांगराला हात लावायचा नाही. देवळाला नाही, बाळंतिणीला नाही. पहिल्या वैरात बेर्टोल्डने अकरा गाई हाकून आणल्या आणि नऊ परत नेऊन बांधल्या, कारण त्या एका विधवेच्या निघाल्या.

खंडूला हे ऐकताना आपलं आयुष्य उलटं टांगलेलं दिसलं होतं. त्याच्याशी ज्यांनी ज्यांनी वैर केलं त्यांनी कधी पत्र पाठवलं होतं? शाळेत तो अकरा दिवस गेला. बाराव्या दिवशी मास्तरांनी पाटी पायाने सरकवली, तीही न बोलता. मुंबईत गोदीत मुकादमाने त्याचं काम भावाच्या नावावर लावलं, न बोलता. त्याच्या वाट्याची सगळी वैरं मागून आलेली. आणि त्यानेही जी काही परतफेड केली ती तशीच, मागून, दात खात. समोर उभं राहून, तारीख घालून, मी तुझा वैरी आहे असं सांगायला माणूस आधी बरोबरीचा लागतो. बेर्टोल्डकडे तीन खेडी होती म्हणून तो बरोबरीचा नव्हता. पत्र लिहीत होता म्हणून होता. आणि तेसुद्धा त्याला सहज आलं नव्हतं. पहिली तीन पत्रं त्याने शहरातल्या कारकुनाकडून लिहून घेतली, कारण त्याला अक्षर येत नव्हतं. कारकून शहराचाच. बेर्टोल्ड सांगे 'माझा ओढा चोरला', कारकून लिही 'ओढ्याबाबत विनंती'. शहर हसायचं, आणि का हसतंय ते बेर्टोल्डला कळायचं नाही. कळलं तेव्हा तो त्रेचाळीस वर्षांचा होता. मग त्याची मठात राहणारी बहीण होती, तिच्यापुढे हा दाढीवाला दोन बोटं नसलेला माणूस रोज जाऊन बसला आणि अक्षरं गिरवू लागला.

तिथे खंडूने लोथारला थांबवलं होतं. पाणी पितो म्हणून उठला आणि कंटेनरमागे जाऊन उभा राहिला. तो स्वतः एक्केचाळिसाव्या वर्षी शिकला होता. याच कंपनीच्या ऑफिसात टायपिंग करणाऱ्या नीलमबाई दर शुक्रवारी आपल्या गुदैबियातल्या घरी वर्ग घ्यायच्या. वर्ग खरं तर पोरांचा. इंग्रजी शाळेतल्या पोरांना मराठी यावं म्हणून. बाई मराठीत विचारायच्या, पोरं इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि मागे भिंतीला टेकून खंडू 'ग' गिरवायचा. एकदा एका मुलीने वळून विचारलं, "अंकल, व्हिच स्टँडर्ड?" खंडू म्हणाला, "पहिली. नापास." सगळी हसली, तोही हसला. दोन वर्षांनी त्याने दापोलीला बायकोला, पुष्पलताला, स्वतःच्या हाताने पत्र लिहिलं. ती दुसऱ्याकडून वाचून घ्यायची, म्हणून त्यात लिहिण्यासारखं सगळं लिहिता आलं नाही. पण लिहिलं.

जेवणाच्या सुट्टीत तो स्टोअरच्या खिडकीपाशी गेला. कमाल दाभोळचा, एकाच तालुक्यातले म्हणून दोघे गाववाले, आणि खोलीतही खाटेला खाट. कमालने त्याचा चेहरा बघितला आणि हातातला घास डब्यात ठेवला.

"बघितलंस काय?" कमाल म्हणाला.

"तू दिलास एकतिसाचा पंच."

"साहेबान मागितलान, मी दिला. मला काय ठावं त्याला हातोडी मारायचा शौक आलाय. अनिरुद्ध साहेब सोता ठोकत होता, काल शिफ्ट सुटल्यावर. मी म्हटलं, ठोकतोय तर ठोकू दे, इंजिनिअर माणूस."

"एकतीस नंबर कोणाचा?"

"नुमानचा." कमालने बोटांवर दिवस मोजले. मग त्याची भुवई हळूहळू वर गेली. "नुमान तर लीववर हाय. ईदच्या आधी गेला. काम सुरू झालं तवा तो रत्नागिरीत पोराची सुंता करत होता."

"बघ," खंडू म्हणाला.

असं का झालं ते नीलमबाईंकडून कळलं. खंडूचं वेल्डिंगचं सर्टिफिकेट दोन महिन्यांपूर्वी संपलं होतं. नव्यासाठी ऑफिसने फाइल पाठवायची होती. अनिरुद्धने पाठवली नाही. आता परीक्षेआधी एक फॉर्म स्वतः भरावा लागतो, आणि खंडूच्या फाइलच्या पहिल्या पानावर बावीस वर्षांपूर्वीचा अंगठा होता. अनिरुद्धने तो अंगठा बघितला आणि फाइल मिटली. माणसाला विचारायला वर्कशॉप पन्नास पावलांवर होतं. मग जहाजाच्या मालकाने वेल्डरांची यादी मागितली, सर्टिफिकेट चालू असलेला नंबर हाताशी होता, आणि सगळं कसं सुटसुटीत झालं. जोड खंडूचे, नंबर नुमानचा, खंडू हेल्पर. यात दुष्टपणासुद्धा धड नव्हता, आणि खंडूला तेच सलत होतं. चुलत भावाने निदान खडूची रेघ मारली होती.

शुक्रवारी दुपारी खोलीतले बाकीचे समुद्रावर गेले आणि खंडू खाटेवर पाट घेऊन बसला. नीलमबाई म्हणाल्या होत्या, "खंडूभाऊ, मी टाइप करून देते ना. जरा बेताने लिहू. 'कृपया पुनर्विचार व्हावा' असं." त्यांचं बोलणं प्रेमाचं होतं. खंडू म्हणाला, "बाई, तुम्हीच शिकवलंत, आता मला लिहू द्या." चार कागद फुकट गेले. पंखा फिरत होता, खालच्या हॉटेलातून फोडणीचा वास वर येत होता, आणि त्याला बेर्टोल्ड दिसत होता: गुडघ्यावर कातडं, तीन बोटांत पीस, जीभ दातांत. चौथं वैर ते. शहराच्या दप्तरात बेर्टोल्डचं नाव सरदारांच्या पानावरून काढून चाकरांच्या पानावर लिहिलं होतं. गिरणी नाही, गाई नाही, फक्त पान. त्याचे स्वतःचे लोक म्हणाले, एका पानासाठी कोणी मरतं का? बेर्टोल्डने आपल्या हाताने पहिलं पत्र लिहिलं ते त्या पानासाठी. खंडूचा पाचवा कागद असा होता:

*अनिरुद्ध साहेब, बेचाळीस जोड मी केले. तुम्ही त्यावर दुसऱ्याचा नंबर ठोकला आणि मला हेल्पर लिहिलं. माझं तुमच्याशी वैर आहे. शनिवार, रविवार, सोमवार असे तीन दिवस देतो. माझा सतरा नंबर याच कामावर परत आला नाही तर मंगळवारी पाण्याच्या टेस्टच्या वेळी सर्वांसमोर बोलेन. तोवर तुमच्या मागे कोणाला सांगणार नाही आणि कामात कसूर करणार नाही. एवढं कळवून मी माझी अब्रू राखली आहे. खंडू, वेल्डर नंबर सतरा.*

कमालने ते वाचलं, परत वाचलं, आणि खाटेवर बसला. "येडा झालास काय, भाव? वैर आसा सांगून करतात? तो तुझा व्हिसा खलास करील. शनिवारी पत्र, सोमवारी विमान."

"करू दे. पण समोरून करील."

"आणि तीन दिवस कशाला? त्याला पळायला?"

"त्याला विचार करायला." मग खंडू म्हणाला, "तू चल माझ्यासंगं. पत्र द्यायला साक्षीदार लागतो."

"कुठल्या कायद्यात?"

"आहे एका."

कमालने कागदाची नीट घडी घातली. पंच त्यानेच दिला होता. शनिवारी सकाळी तो इस्त्रीचा शर्ट घालून आला.

अनिरुद्धने उभ्याउभ्या पत्र वाचलं, हसला, आणि कागदावर चहाचा ग्लास ठेवला. "खंडू, हे काय नाटक? कोणी लिहून दिलं तुला?" त्या प्रश्नाने खंडूच्या अंगावर काटा आला, रागाचा नव्हे, कसल्यातरी गारव्याचा. तो म्हणाला, "मीच लिहिलं, साहेब." पहिली वेळ होती, की या माणसाच्या तोंडाकडे बघताना त्याला खाली बघावंसं वाटलं नाही. अनिरुद्ध तिशीचा, पुण्याचा, कातडी पट्ट्याचं घड्याळ, डोळ्यांखाली जागरणाची काळी वर्तुळं. भित्रा आहे हा, खंडूच्या लक्षात आलं. बावीस वर्षांत त्याने साहेबांचे बूट पाहिले होते, डोळे नाही.

ते तीन दिवस खंडूच्या आयुष्यातले सर्वात सुखाचे दिवस असतील असं कोणी सांगितलं असतं तर त्याला खरं वाटलं नसतं. विमानतळाचं दार डोळ्यांसमोरून हलत नव्हतं. पण अंग हलकं झालं होतं. काही लपवायचं नव्हतं. शनिवारी अनिरुद्ध दोनदा वर्कशॉपमध्ये येऊन गेला, पाइपांकडे संशयाने बघत. खंडू आता काही बिघडवील असं त्याला वाटलं असावं. खंडूने उलट एका पाइपला गंज धरायला लागला होता तो घासून तेल लावलं. चालत्या नांगराला हात लावायचा नाही. रविवारी निरोप आला, व्हिसाचे कागद साहेबांच्या टेबलावर आहेत, विचार कर. खंडूने निरोप आणणाऱ्यालाच चहा पाजला. बेर्टोल्डचा बुरूजही तिसऱ्या दिवशी शहराने वेढला होता. आत अकरा माणसं, एक म्हातारी आणि बकऱ्या. लोथारने सांगितलं होतं, की रात्रभर बेर्टोल्ड झोपला, अगदी घोरत झोपला. खंडूला तेव्हा ती फुशारकी वाटली होती. आता पटली. सोमवारी दुपारी अनिरुद्धने त्याला केबिनमध्ये बोलावलं आणि खुर्ची पुढे केली.

"बसा, खंडूकाका. पुढच्या जहाजापासून तुमचा नंबर तुम्हाला. मी शब्द देतो. हे जहाज जाऊ द्या. टेस्ट आहे उद्या, माझ्या नोकरीची गोष्ट आहे."

काका. अनिरुद्धला इथे येऊन चार वर्षं झाली, काका आज पहिल्यांदा. खंडू खुर्चीवर बसला, पूर्ण बसला, पाठ टेकून. माणूस घाबरला की किती लहान दिसतो. क्षणभर त्याला वाटलं, जाऊ द्यावं. हाच तो क्षण, त्याला कळलं, ज्यात आपण प्रत्येक वेळी जाऊ दिलं.

"याच कामावर, साहेब," तो म्हणाला. "तुम्ही आज सांगितलंत तर तुम्ही सांगितलंत. उद्या मी सांगेन."

अनिरुद्धने सांगितलं नाही.

मंगळवारी दहा वाजता, जोड दाब सोसतात का ते बघायला, पाइपांत पाणी भरलं. मॅनेजर हाशिम आला. बहारीनी, साठीचा, एके काळी इथेच फिटर होता आणि अजून हाताला ग्रीस लागलं की पँटीला पुसायचा. जहाजाच्या मालकांचा तपासनीस आला, एक उंच ग्रीक, हातात यादी. पंपाचा दांडा हलू लागला. दाबाच्या घड्याळाचा काटा चढत गेला, वीस, चाळीस, साठ. बेचाळीस जोडांपैकी एकानेही घाम टाकला नाही. काटा साठावर स्थिर झाला, तेव्हा खंडू पुढे झाला. इंग्रजी वाक्य त्याने मोरीत पन्नास वेळा घोकलं होतं. ऐनवेळी ते गेलं. तो हिंदीत बोलला.

"हाशिम साब, ये बयालीस जॉइंट मैंने किया. नंबर एकतीस का आदमी इंडिया में है. ये मैं साब को लिख के दिया, तीन दिन पहले."

हाशिमने अनिरुद्धकडे बघितलं. "लिख के दिया?"

अनिरुद्ध पंपाच्या काट्याकडे बघू लागला. कमाल कुठूनतरी लीवचं रजिस्टर घेऊन आलाच होता, नुमानच्या ओळीवर बोट धरून. ग्रीकाने विचारलं काय चाललंय. हाशिमने त्याला सगळं सांगितलं, काही न झाकता. खंडूला ते आवडलं. ग्रीक यादीकडे, मग पाइपांकडे, मग खंडूच्या हातांकडे बघत राहिला. म्हणाला, एक्स-रे स्वच्छ आहेत, पाणी थांबलंय, पण हे याचेच हात आहेत हे मला दिसायला हवं. फॉर्म आणा. वेल्डिंगच्या परीक्षेची लोखंडी पट्टी आणा.

फॉर्म आणला. अनिरुद्धचा हात आपोआप शाईच्या पॅडकडे गेला. खंडूने त्याच्या खिशातलं पेन मागितलं. नाव, जन्मगाव, नंबर, सही. हळू लिहिलं, पण कोणी घाई केली नाही. मग काच तोंडावर ओढली आणि जग हिरवं झालं. त्या हिरव्या अंधारात फक्त एक थेंब होता, पांढरा, वितळलेला, आणि त्याच्या मागे मागे जाणारा हात. तिथे मास्तर नव्हते, गोदी नव्हती, बेर्टोल्डही नव्हता. पट्टी गार झाल्यावर तिला दाबाखाली घातलं. ती वाकली, आणखी वाकली, घोड्याच्या नालासारखी झाली. ग्रीकाने भिंग लावलं. चीर नव्हती. केसाएवढीसुद्धा नव्हती. त्याने पट्टी हाशिमकडे दिली, हाशिमने ती सगळ्यांना दिसेल अशी वर धरली आणि अरबीत काहीतरी म्हणाला. मग खंडूला म्हणाला, "यल्ला, सदीक. चलो दोस्त, अपना नंबर मारो."

जुन्या नंबरावर दोन रेघा, शेजारी नवा. कमालने पंच फडक्यात गुंडाळून आणले होते, देवघरातल्या टाकांसारखे. यादी अनिरुद्धने धरायची आणि जोडाचा क्रमांक पुकारायचा, असं हाशिमने ठरवलं. "जोड एक," अनिरुद्ध म्हणाला. खंडूने घाव घातला. एक. सात. "जोड दोन." वर्कशॉपमधल्या ग्राइंडरवाल्यांनी ग्राइंडर बंद केले. बेचाळीस वेळा ते झालं, आणि खंडूला माहीत होतं की बेर्टोल्डच्या वेळीही असंच झालं असणार: शहराचे पुढारी दप्तर उचलून खडक चढून आले, चाकरांच्या पानावरचं नाव सुरीने खरवडलं, आणि सरदारांच्या पानावर त्याने स्वतः लिहिलं, वेडंवाकडं, शाई सांडून. पुढची तीन वैरं तो हरला, तापाने मेला, बुरूज पडला. लोथारने ते पान पाहिलं होतं. खरवडलेली जागा अजून पातळ आहे, उजेडासमोर धरली तर आरपार दिसतं, तो म्हणाला होता.

शेवटचा घाव घालून खंडूने हातोडी ठेवली. व्हिसाच्या कागदावर हाशिमने तिथेच वेल्डर लिहून सही केली. सगळे पांगले, आणि अनिरुद्ध यादी हातात घेऊन तसाच उभा राहिला, कोणीतरी हलायला सांगायची वाट बघत असल्यासारखा. आता माझं काय करणार, असं त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं, आणि खंडूला वाचता येत होतं.

"साहेब, एक राहिलं," खंडू म्हणाला. "वैर संपलं की दोघांनी लिहून द्यायचं असतं. की पुन्हा उकरून काढणार नाही. मी तुम्हाला देतो, तुम्ही मला द्या."

"असं असतं?"

"असंच असतं. नाहीतर मनात राहतं."

अनिरुद्धने पाइपावरच कागद ठेवला. पेन खंडूच्या खिशात होतं, ते खंडूने काढून त्याच्या हातात दिलं. अनिरुद्ध कागदाकडे बघत राहिला. दुपारचे तीन वाजले होते, दाराबाहेर समुद्र पत्र्यासारखा चकाकत होता.

"काय लिहू, काका?"

खंडू रिकाम्या लोखंडी घोड्यावर बसला, पाय लांब केले. "आधी तारीख घाला," तो म्हणाला, आणि साहेबाला लिहायला सवड मिळावी म्हणून एकेक शब्द सुटा करून सांगू लागला.